लहरींची टंचाई कोणी निर्माण केली?

१/
स्पेक्ट्रमच्या लिलावाची बातमी आली की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले असे की, रेडिओलहरी ही मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे. दुसरे असे की, म्हणूनच लिलाव हा तिच्या वाटपाचा एकमेव न्याय्य मार्ग आहे. यांतील पहिले वाक्य अर्धसत्य आहे आणि दुसरे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. या धाग्यात दोहोंची तपासणी केली आहे. आरंभ १९०६ च्या बर्लिनमध्ये होतो आणि शेवट पालघर जिल्ह्यात.

२/
इतिहासाचा विद्यार्थी कायमधारा, रयतवारी आणि खोती ही नावे पाठ करतो. जमीन कोणाच्या नावावर चढली यावरून गावाच्या पुढच्या शंभर वर्षांचे भवितव्य ठरले, हे त्याला ठाऊक असते. तोच विद्यार्थी हातातील मोबाइलवर इंटरनेट अडखळले की दोष टॉवरला देतो आणि लहरींचे वाटप हा अभियंत्यांचा प्रांत मानून पुढे जातो. वास्तविक या वाटपालाही सातबारा आहे. त्यावरील नोंदी कोणी केल्या, कधी केल्या आणि कोणाला वगळून केल्या, हे वाचता येते.

३/
पहिली मोठी नोंद १९०६ च्या बर्लिन परिषदेतील. मार्कोनी कंपनीचे बिनतारी यंत्रचालक इतर बनावटीच्या यंत्रांवरून आलेले संदेश घेण्यास नकार देत. समुद्रावरील दळणवळण एका कंपनीच्या मुठीत जाण्याची चिन्हे होती. परिषदेने यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्यावरील केंद्रांनी आणि जहाजांनी एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत, असा नियम केला. त्याच बैठकीत लहरींचीही वाटणी झाली. सार्वजनिक संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटर या दोन तरंगलांबी मिळाल्या, तर ६०० ते १६०० मीटर हा प्रशस्त पट्टा नौदलांसाठी व सरकारी केंद्रांसाठी राखला गेला. वाडा सरकारला आणि ओसरी जनतेला, असा हा पहिला हिशेब होता.

४/
एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले. चारच महिन्यांत अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. हौशी बिनतारीवाल्यांमुळे गोंगाट होतो, ही तक्रार आधीपासून होतीच. या कायद्याने त्यांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर हाकलले. आखूड लहरी दूरवर पोहोचत नाहीत, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा समज होता. थोडक्यात, जी जमीन नापीक वाटली तीच भूमिहीनांच्या पदरात टाकण्यात आली.

५/
पुढे जे घडले ते सर्वांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी केंद्रांचे आखूड लहरींवरील संकेत अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अमेरिका आणि फ्रान्स येथील हौशी चालकांनी परस्परांशी संवाद साधला. वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन या लहरी महासागर पार करतात, हे टाकाऊ ठरवलेल्या पट्ट्यातील लोकांनी जगाच्या प्रत्ययास आणून दिले.

६/
नापीक जमिनीत सोने निघाल्यावर मालक परतले. मार्कोनी कंपनीने ब्रिटिश साम्राज्यभर लघुलहरींची ‘बीम’ सेवा उभारली. तिचीच एक शाखा म्हणून १९२७ साली पुण्याजवळील खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेशांची ये-जा सुरू झाली. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हौशी लोकांना काही अरुंद पट्ट्यांत बंदिस्त केले. शोध ज्यांनी लावला त्यांच्या वाट्याला कोपरे आले, आणि विस्तीर्ण शेत सरकारे व कंपन्या यांच्यात वाटले गेले.

७/
आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते कच्चे नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयाने झेनिथ कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की, प्रसारण केंद्रांना ठरावीक लहरीवर बांधून ठेवण्याचा अधिकार वाणिज्यमंत्र्यांना नाही. त्यानंतर केंद्रांनी वाटेल ती लहर धरली आणि श्रोत्यांच्या कानी खरखर तेवढी उरली. फेब्रुवारी १९२७ मध्ये नवा कायदा करून परवान्यांसाठी आयोग नेमावा लागला. नियम नसले की गोंधळ माजतो, हे यातून निःसंशय सिद्ध होते. परंतु नियम हवेत येथपासून लिलाव हवा येथपर्यंत जी उडी मारली जाते, तिला आधार कोणता?

८/
आधार म्हणून रोनाल्ड कोस यांचे नाव पुढे केले जाते. १९५९ मधील निबंधात त्यांनी विचारले की, जमीन आणि मजूर जसे किमतीच्या यंत्रणेतून वाटले जातात, तशा लहरी का वाटल्या जाऊ नयेत? सरकारी आयोगाने अर्जदारांच्या गुणदोषांवर निवाडे करावेत, ही पद्धत त्यांना अपव्ययाची वाटली, आणि ती टीका रास्त होती. मात्र कोस यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, ज्याला लहरीचा उत्तम उपयोग करता येईल त्याच्याकडे ती पोहोचावी. सरकारी तिजोरी भरणे हा त्यांच्या प्रतिपादनाचा केंद्रबिंदू नव्हता. त्यांचे नाव घेऊन बोली चढवणाऱ्यांना हा फरक सोयीस्करपणे विसरायला होतो.

९/
प्रत्यक्ष लिलाव आले ते तीन दशकांनंतर. न्यूझीलंडने १९९० मध्ये ‘दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत’ ही पद्धत वापरली आणि किमान किंमत ठेवली नाही. परिणामी एका बोलीदाराने १ लाख डॉलरची बोली लावून अवघे ६ डॉलर भरले. २००० साली ब्रिटनने ३जी लहरींच्या लिलावातून सुमारे २२.५ अब्ज पौंड मिळवले. पद्धतीचे नाव दोन्हीकडे एकच, आणि फळे अशी परस्परविरुद्ध. लिलाव हे यंत्र आहे. त्यातून काय बाहेर पडेल हे नियम लिहिणाऱ्याच्या हाती असते, म्हणून ‘लिलाव झाला’ एवढ्याने न्याय झाला असे म्हणता येत नाही.

१०/
भारताचा सातबारा १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून सुरू होतो. त्याने तारयंत्राचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगणेही गुन्हा ठरवले. वसाहतीच्या सत्तेला प्रजेच्या हातातील प्रक्षेपक नको होता, यात नवल नाही. नवल हे की स्वातंत्र्यानंतरही ही चौकट कित्येक दशके तशीच वापरात राहिली.

११/
या चौकटीला तडा गेला तो क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो चषकाचे प्रक्षेपण कोणी करावे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने निर्णय दिला की, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. मक्तेदारी सरकारची असो वा खासगी, दोन्ही न्यायालयाला अमान्य होत्या. या निकालपत्रातील कसोटी लोकहिताची होती. सर्वाधिक बोलीची नव्हती.

१२/
त्याच सुमारास बाजाराच्या मार्गाचीही परीक्षा चालू होती. १९९५ मध्ये राज्यनिहाय मोबाइल परवाने निविदांनी दिले गेले आणि कंपन्यांनी अवाच्या सवा शुल्क कबूल केले. चार वर्षांत त्यांतील अनेकांना ते भरणे झेपेनासे झाले. शेवटी १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काची जागा महसुलातील हिश्शाला दिली. मोबाइल सामान्य माणसाच्या खिशात आला तो त्यानंतरच्या दशकात. त्यामागे तंत्राची स्वस्ताई आणि स्पर्धाही होती, हे मान्य. पण ‘जास्त बोली म्हणजे जास्त देशहित’ हे समीकरण भारताने १९९९ मध्येच मागे घेतले होते, ही नोंद पुसता येत नाही.

१३/
मग आले २००८. त्या वर्षीच्या १० जानेवारीस १२२ परवाने ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या नावाखाली, २००१ साली ठरलेल्या दरात वाटले गेले. अर्जांची अंतिम तारीख मागाहून अलीकडे ओढण्यात आली होती, आणि प्रसिद्धिपत्रक निघाल्यावर काही तासांत हमीपत्रांसह हजर राहणाऱ्यांचा क्रमांक लागला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप मनमानी ठरवून सर्व परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातील सर्व आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. तरी वाटपाच्या पद्धतीवरील ठपका कायम आहे, आणि तो योग्यच आहे.

१४/
परंतु या प्रकरणातून जनमानसाने जो धडा घेतला तो चुकीचा होता. रांगेत लबाडी झाली म्हणून बोली पवित्र ठरत नाही. राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर सप्टेंबर २०१२ मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने मत दिले की, सर्व नैसर्गिक संपत्तीचे वाटप लिलावानेच करावे असा संविधानाचा आदेश नाही. कॅगचा १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा प्रत्येकाला मुखोद्गत आहे. हे मत फारच थोड्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये लहरी पुन्हा विक्रीस आल्या तेव्हा सुमारे ९,४०० कोटींच्याच बोली लागल्या. दोन आकड्यांची थेट तुलना करणे न्याय्य नाही, कारण हिशेबाचे आधार निराळे होते. तरी कागदावरील किंमत आणि बाजारातील किंमत यांत किती अंतर असू शकते, हे त्यातून दिसते.

१५/
बिनतारी ब्रॉडबँडचा पहिला लिलाव जून २०१० मध्ये झाला आणि सरकारला सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळाले. २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा देशभरासाठी जिंकणारी कंपनी एकच होती, आणि निकालाच्याच दिवशी तिची ९५ टक्के मालकी रिलायन्सने घेतली. त्या समूहाची देशव्यापी ४जी सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ रोजी. उपकरणे तयार नव्हती, परवान्याच्या अटी बदलायच्या होत्या, ही कारणे खरी आहेत. तथापि सहा वर्षे सार्वजनिक मालमत्तेचा मोठा भाग सर्वसामान्यांच्या उपयोगी पडला नाही, हेही तितकेच खरे. बोलीने पैसा आला. सेवा तिच्या मागोमाग आली नाही.

१६/
याहून गंभीर कथा ७०० मेगाहर्ट्झची आहे. कमी वारंवारितेच्या लहरी दूर जातात आणि भिंती भेदतात. मोजक्या टॉवरांतून विखुरलेल्या वस्त्यांना जोडायचे तर हाच पट्टा सोयीचा. ऑक्टोबर २०१६ च्या लिलावात त्याची राखीव किंमत मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. मार्च २०२१ मध्ये किंमत उतरवूनही कोणी फिरकले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तो विकला गेला तो ३,९२७ कोटींच्या दराने, म्हणजे मूळ अपेक्षेच्या साधारण एकतृतीयांश किमतीत.

१७/
त्या सहा वर्षांत कोरोनाची टाळेबंदी येऊन गेली. शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरत होत्या आणि जेथे रेंज नव्हती तेथे भरत नव्हत्या. त्याच वेळी दूरवर पोहोचणाऱ्या लहरी देशाच्या आकाशात मोकळ्या पडून होत्या. या टंचाईत निसर्गाचा हात नव्हता. ती राखीव किमतीच्या तक्त्याने निर्माण केली. धान्य सडते तेव्हा गोदामाची छायाचित्रे छापून येतात. लहर वाया जाते तेव्हा काहीच दिसत नाही, आणि कालची न वापरलेली लहर आज वापरताही येत नाही.

१८/
वाटपाची तिसरीही एक परंपरा आहे, सामायिक वापराची. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरनिराळ्या बेटांवरील संगणकयंत्रे जोडायची होती. प्रत्येकाला स्वतंत्र वाहिनी देण्याऐवजी १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘अलोहानेट’ने सर्वांना एकच वाहिनी दिली. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघांचे संदेश आदळले तर प्रत्येकाने कमीअधिक वेळ थांबून पुन्हा पाठवावे. इंटरनेटची वाहतूक तुटक असते, क्षणभर पूर आणि मग शांतता, म्हणून ही युक्ती चालली.

१९/
सामायिकाचे विरोधक येथे गणित पुढे करतात. शुद्ध अलोहा पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच उपयोग होतो. आकडा अचूक आहे. पण वेळेचे समान तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच संदेश पाठवायचा, एवढी एक शिस्त लावताच तो दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होतो. बोलण्यापूर्वी ऐकण्याची शिस्त लावली की तो आणखी वाढतो. १९७३ मध्ये आकाराला आलेल्या इथरनेटवर आणि पुढे वायफायवर या विचाराचा ठसा आहे. गर्दीवरचा उपाय म्हणून मालकच नेमावा लागतो असे नाही. रीत ठरवूनही गर्दी आवरता येते.

२०/
वायफायची जन्मकथा १९१२ च्या कथेची जणू दुसरी आवृत्ती आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणांच्या गोंगाटासाठी सोडलेला होता. मायक्रोवेव्ह भट्टी तेथलीच. दळणवळणासाठी तो कचरा मानला जाई. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या आयोगाने त्यात कमी शक्तीच्या संदेशयंत्रांना परवान्याविना मुभा दिली. १९९७ मध्ये त्यावर ८०२.११ हे मानक आले. भारताने २००५ मध्ये हा पट्टा परवानामुक्त केला. आज घरातील इंटरनेट बहुतांशी याच आणि ५ गिगाहर्ट्झच्या मुक्त पट्ट्यांतून फिरते. त्यासाठी कोणीही बोली लावलेली नाही.

२१/
लिलावात घेतलेल्या पट्ट्याच्या आतही बोलीचे राज्य नाही. ४जी टॉवर आपला पट्टा १८० किलोहर्ट्झच्या ठोकळ्यांत विभागतो आणि दर मिलिसेकंदाला कोणता ठोकळा कोणाला हे ठरवतो. ज्याचा संकेत उत्तम त्यालाच सर्व दिले तर एकूण वेग वाढतो, पण कडेचा ग्राहक उपाशी राहतो. सर्वांना सारखे दिले तर एकूण वेग घटतो. म्हणून ‘प्रमाणबद्ध न्याय’ नावाचा नियम बराच वापरला जातो. ज्याला या क्षणी मिळू शकणारा वेग त्याच्या आजवरच्या सरासरीच्या तुलनेत अधिक, त्याची पाळी आधी. बराच वेळ वंचित राहिलेल्याचा क्रमांक त्यामुळे आपोआप वर चढतो. आणि फोन टॉवरचे दार प्रथम ठोठावतो तेव्हा तो अलोहाच्याच वंशातील रीत वापरतो. एकाच वेळी दोघांनी ठोठावले तर थांबायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

२२/
म्हणजे अभियंत्यांनी मिलिसेकंदाच्या पातळीवर उपाशी राहिलेल्याची आठवण ठेवणारा नियम लिहिला. वीस वर्षांच्या परवान्याच्या पातळीवर मात्र राज्यकर्त्यांनी ती ठेवली नाही. टॉवरच्या कडेला उभ्या ग्राहकाला जो न्याय मिळतो, तो देशाच्या कडेला असलेल्या पाड्याला का मिळू नये?

२३/
येथे एक मर्यादा मान्य करणे भाग आहे. मोठ्या शक्तीने कोसभर पोहोचणाऱ्या टॉवरांना अनन्य हक्काची लहर लागते. तो हक्क नसेल तर कोट्यवधींची गुंतवणूक कोणी करणार नाही. सर्वच पट्टे मोकळे करा, ही मागणी पोरकट ठरेल. आक्षेप लिलावाच्या अस्तित्वावर नाही. तो लिलावालाच न्यायाचे दुसरे नाव मानण्यावर आहे, आणि विकली न गेलेली किंवा विकूनही न वापरलेली लहर कुलूपबंद ठेवण्यावर आहे.

२४/
पालघर जिल्ह्यात २०१० च्या दशकात आयआयटी मुंबईने एक प्रयोग केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या यूएचएफ पट्ट्याचा बराच भाग भारतात रिकामा असतो. त्या रिकाम्या जागेतून खेड्यांपर्यंत इंटरनेट नेता येईल का, याची चाचणी तेथील गावांत घेण्यात आली. तंत्र चालले. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, आदिवासीबहुल भागात, रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचले. असा वापर देशभर खुला करणारी व्यवस्था मात्र त्यामागोमाग उभी राहिली नाही.

२५/
२०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा सर्वसाधारण मार्ग ठरवला, काही उपयोगांसाठी प्रशासकीय वाटप ठेवले, आणि पुरेशा कारणाविना न वापरलेली लहर काढून घेण्याचा अधिकारही सरकारला दिला. या शेवटच्या तरतुदीला धार आली पाहिजे. राखीव किंमत तिजोरीच्या भुकेवरून ठरू नये. बोली न लागलेला पट्टा पुढच्या लिलावाची वाट पाहत पडून न राहता तात्पुरत्या, स्थानिक, सामायिक वापरास खुला व्हावा. परवान्यातील सेवेच्या अटी पाड्यापर्यंत मोजल्या जाव्यात. १९९५ च्या निकालातील ‘लोकहित’ या शब्दाला एवढा तरी अर्थ उरला पाहिजे.

२६/
पुढील लिलावाची बातमी येईल तेव्हा मथळ्यात किती कोटी जमले हे असेल. इतिहासाच्या वाचकाने त्याखाली तीन प्रश्न विचारावेत. कोणता पट्टा विकला गेला नाही आणि तो आता कोण वापरणार? मागच्या वेळी विकलेला पट्टा कोणत्या गावात पोहोचला? आणि टाकाऊ म्हणून लोकांसाठी सोडलेले पट्टे दोनदा सोन्याचे निघाले असताना, तिसऱ्यांदा तेवढी जागा सोडण्यास सरकारचा हात का आखडतो?